चोपडीतल्या दोघी

लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून लाल चोपड्यांची पूजा होते. हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात, बत्तासे वाटतात. आणि त्याच चोपड्या सातआठ वर्षांनी पोटमाळ्यावरून थेट रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. किलोचा भाव ठरतो, आणि कुणी कुणाकडून काय घेतलं, कुणी पैसे बुडवले, कुणी अडीअडचणीत रोख आणून दिले, हे सगळं पुड्या बांधायला मोकळं होतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हिशेब मिटला की वहीचं काय काम?

आज ज्या चोपड्यांबद्दल लिहायचं आहे त्याही अशाच गेल्या असत्या. त्या होत्या न्यूयॉर्कमधल्या एका फाउंड्रीच्या. फाउंड्री म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचे इंजिनाचे पार्ट आठवतात. ही फाउंड्री पुतळे ओतायची. नाव रोमन ब्राँझ वर्क्स. रिकार्डो बर्टेली नावाच्या इटालियन माणसाने १८९७ साली ती सुरू केली. पुढे बरीच वर्षं ती ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात होती, मग क्वीन्समधल्या करोनाला गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस भट्टी कायमची विझली. कागद मात्र वाचले आणि ते गेले कुठे, तर टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावच्या अमन कार्टर म्युझियममध्ये.

माझे धाकटे दीर डॅलसजवळ राहतात. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा धाकट्या जावेने मला तिथे नेलं. "वहिनी, प्रवेश फुकट आहे आणि आत एसी आहे," एवढीच तिची शिफारस होती. टेक्सासचं ऊन अनुभवलेल्याला ती पुरेशी आहे. आत शिरले तर चित्रं, फोटो आणि काचेपलीकडे ब्राँझचे घोडे. एका पुतळ्यापाशी मी थांबले. दोन पायांवर उभा झालेला बिथरलेला घोडा आणि त्याच्या पाठीवर एका हाताने आयाळ धरून बसलेला काउबॉय. 'ब्रॉन्को बस्टर' त्याचं नाव, शिल्पकार फ्रेडरिक रेमिंग्टन. हा घोडा मी पाहिला होता! टीव्हीवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कुणाशी हस्तांदोलन करताना दाखवतात ना, त्या ओव्हल ऑफिसात अनेक राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत तो मागे टेबलावर दिसलेला आहे. मग खरा कुठला? इथला की तिथला?

उत्तर असं, की दोन्ही खरे. आणि आणखी कितीतरी ठिकाणचेही खरे. शिवाय काही खोटेही. हे समजून घ्यायला आधी ब्राँझचा पुतळा कसा होतो ते पाहावं लागतं. मैत्रिणींनो, जरा धीर धरा, हे मोदकाच्या साच्याहून फार अवघड नाही.

शिल्पकार मूळ आकृती मातीत किंवा मेणात करतो. तिच्यावरून प्लास्टरची प्रत काढतात. त्या प्लास्टरवरून लवचिक साचा करतात, त्या काळी तो सरसाचा असे. साच्यात पातळ मेण लावून मेणाची पोकळ आकृती काढायची. ती बाहेर आली की शिल्पकार बसतो आणि तिच्यावर पुन्हा हात फिरवतो. कुठे घोड्याची शेपूट जरा वळव, कुठे टोपीची कड दाब. मग त्या मेणावर आतबाहेर प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचा राबडा चढवायचा आणि ते सगळं भट्टीत तापवायचं. मेण वितळून वाहून जातं, त्याच्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. त्यात तांबं मुख्य, जोडीला कथील आणि थोडं जस्त. थंड झाल्यावर वरचं कवच फोडायचं, धातूच्या नळ्या कापायच्या, कानस-छिन्नीने साफ करायचं आणि शेवटी रसायनं लावून, तापवून तो काळपट-हिरवट रंग आणायचा.

आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात तिचं वर्णन आहे, मधूच्छिष्ट म्हणजे मेण वापरून मूर्ती ओतण्याची ती रीत. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात पुतळे बहुतेक वाळूच्या साच्यात ओतत. रेमिंग्टनचा घोडाही १८९५ साली हेन्री-बोनार नावाच्या फाउंड्रीत आधी वाळूतच ओतला गेला. बर्टेलीने मेणाची पद्धत आणली आणि रेमिंग्टन तिकडे गेला तो कायमचा. प्रत्येक प्रतीचं मेण हाताखालून जात असल्यामुळे त्याला दर वेळी काहीतरी बदलता यायचं. म्हणून एकाच 'ब्रॉन्को बस्टर'च्या प्रती जुळ्या बहिणींसारख्या आहेत. सारख्या, पण आईला ओळखू येतील अशा.

बर्टेलीला त्याने छळलंही असणार. १९०२ साली त्याने चार दौडत्या घोडेस्वारांचा समूह केला, 'कमिंग थ्रू द राय'. चार घोडे म्हणजे सोळा खूर. त्यातले जमिनीला टेकतात फक्त सहा. बाकीचे दहा हवेत! आता इतकं वजन सहा खुरांवर उभं करायचं, ते ओतताना कुठे धातू अडता कामा नये, कुठे फट राहता कामा नये. कलाकार म्हणतो 'उडवा', आणि उडवायचं ओतणाऱ्याने. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कारागिरांत कितीतरी इटालियन होते. पुतळ्याच्या चबुतऱ्यावर सही रेमिंग्टनची आणि शिक्का रोमन ब्राँझ वर्क्सचा. कारागिराचं नाव कुठे नाही. आपल्याकडे तरी कुठे असतं म्हणा.

आता चोपड्या. फाउंड्री हा धंदा होता, त्यामुळे तिथे हिशेब लिहिला जायचा. कुणी काम दिलं, कुठल्या शिल्पाचं, कितवी प्रत, कधी तयार झाली, किती पैसे लावले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच्या अशा नोंदी शिल्लक आहेत. गिऱ्हाइकांत अमेरिकेतले मोठमोठे शिल्पकार. लिहिणाऱ्या कारकुनाला वाटलंही नसेल की आपण कलेचा इतिहास लिहितोय. तो बिचारा उधारी लिहीत होता. पण आज कुणाकडे रेमिंग्टनचा घोडा निघाला तर त्याच्या तळाशी कोरलेला नंबर या नोंदींशी ताडून पाहतात आणि ती प्रत कोणत्या साली निघाली ते ठरवतात. मायकेल शपिरो नावाच्या अभ्यासकाने १९८१ साली रेमिंग्टनच्या शिल्पांवर पुस्तक लिहिलं, त्यात या हिशेबांचा मोठा आधार घेतला.

मला मात्र त्या हिशेबांत वेगळंच काही दिसलं. मला दिसल्या दोन बायका.

पहिली ईव्हा. रेमिंग्टनची बायको, माहेरची केटन. १८८४ साली लग्न झालं आणि नवरा तिला कॅन्सस सिटीला घेऊन गेला. काही दिवसांत तिला कळलं की आपल्या नवऱ्याची कमाई एका दारूच्या गुत्त्यातल्या भागीदारीतून येते. ती सरळ माहेरी निघून गेली. १८८४ साली, बरं का! मग स्वारी हातात वही-पेन्सिल घेऊन पश्चिमेकडे भटकली, चित्रं काढली, मासिकांना विकली, नाव झालं आणि दोघांचा संसार पुन्हा न्यूयॉर्कात सुरू झाला. मुलंबाळं नव्हती. १९०९ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, अपेंडिक्स फुटल्याचं निमित्त होऊन तो गेला. वय अवघं अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षी त्याने 'ब्रॉन्को बस्टर'ची मोठ्या आकाराची नवी आकृती तयार केली होती. तिच्या ब्राँझच्या प्रती त्याच्या माघारी निघाल्या. आणि एकटी तीच नव्हे. आयुष्यभरात त्याने बावीस शिल्पं केली, त्यातल्या कितीतरींच्या प्रती १९१० नंतरही भट्टीतून बाहेर पडत राहिल्या. त्यांना परवानगी देणारी ईव्हा होती. फाउंड्रीला काम द्यायचं, न्यूयॉर्कच्या टिफनीसारख्या दुकानातून विक्री व्हायची आणि उत्पन्न तिच्याकडे यायचं. १९१८ साली ती वारली तोवर हे चाललं.

आता कलाक्षेत्रातल्या लोकांत याबद्दल थोडं नाक मुरडलं जातं. कलाकाराच्या हयातीतली प्रत ती अस्सल, माघारी काढलेली जरा कमी प्रतीची. मेणावर त्याचा हात फिरलेला नाही, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. बाजारात किंमतही त्याप्रमाणे पडते. पण मी ज्या कामात आहे तिथे विधवांची प्रकरणं रोज येतात. पेन्शन, वारसाची नोंद, बँकेतलं खातं, दुकानाचा गाळा. त्यामुळे मला १९१० सालच्या त्या नोंदींकडे फक्त कलेच्या चष्म्यातून पाहता येत नाही. नवरा गेल्यावर बाईपुढचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि नेमका तोच विचारणं चारचौघांत सगळ्यात वाईट दिसतं. 'अजून तेरावा झाला नाही आणि ही हिशेब विचारतेय,' हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय!

आमच्याच भागातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. यजमानांचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. जिने, गेट, खिडक्यांच्या जाळ्या करायचे. ते अचानक गेले. दहाव्याला माणसं भरपूर आली, सगळे 'काही लागलं तर सांगा वहिनी' म्हणून गेले. त्यांत किती जणांकडे पैसे येणं होते ते कुणीच बोललं नाही. मुलीला दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एक लांब वही सापडली. वडील शाळा फार शिकलेले नव्हते, पण कामाची तारीख, माप, आगाऊ किती, बाकी किती, आणि शेजारी गिऱ्हाइकाची सही, एवढं नेमाने घ्यायचे. आम्ही दोघीतिघी त्या वहीच्या झेरॉक्स घेऊन दारोदार गेलो. अकरा जणांकडे बाकी होती. आपली सही बघितल्यावर सात जणांनी पैसे दिले. दोघांनी हप्ते मागितले. उरलेल्या दोघांची नावं मला अजून पाठ आहेत, पण असो.

ईव्हाकडे परवानगी देण्याचा हक्क होता आणि फाउंड्रीच्या हिशेबात त्याची नोंद होत होती. तिला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. तिच्या पश्चात रेमिंग्टनचे साचे मोडून टाकण्यात आले. तिची तशी इच्छा होती, असं सांगितलं जातं. स्वतःच्या हयातीत त्यातून उत्पन्न घेतलं आणि नंतर कुणीही उठून मनमानी प्रती काढू नयेत याची तजवीज झाली. नवऱ्याची चित्रं, शिल्पं आणि स्टुडिओतल्या वस्तू गावासाठी ठेवल्या. न्यूयॉर्क राज्यात ऑग्डेन्सबर्गला ज्या घरात ती शेवटची वर्षं राहिली तिथेच १९२३ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

दुसरी बाई नॅन्सी. ही जरा खमकी.

नॅन्सी कूपर १८७८ साली केंटकीत जन्मली. मोंटानात आई वारली तेव्हा ती सोळाची होती, आणि पोटासाठी एका कुटुंबात घरकाम करायला राहिली. त्या घरी चार्ल्स रसेल नावाचा एक काउबॉय यायचा-जायचा. चित्रं सुरेख काढायचा, पण व्यवहार शून्य. काढलेली चित्रं दोस्तांना वाटून टाकायचा, नाहीतर गुत्त्याच्या बिलापोटी द्यायचा. १८९६ साली दोघांचं लग्न झालं. तो बत्तीसचा, ती अठराची. शिक्षण बेताचं. पण तिने एक गोष्ट चटकन ओळखली, ती म्हणजे नवऱ्याचं काम जेवढ्याला जातंय त्याच्या कितीतरी पट मोलाचं आहे. चित्राची किंमत सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. ती सांगेल तो आकडा ऐकून चार्लीलाच संकोच व्हायचा म्हणे. गिऱ्हाइक मात्र देऊन जायचं! १९११ साली न्यूयॉर्कला आणि १९१४ साली थेट लंडनला त्याची प्रदर्शनं झाली, त्यामागे ती होती. चार्लीच्या मित्रांनी तिचं नाव ठेवलं होतं 'नॅन्सी द रॉबर'. दरोडेखोर नॅन्सी! त्यांचा फुकट चित्रांचा झरा आटला होता ना.

चार्लीला आणखी एक सवय होती. खिशात मेणाचा गोळा ठेवायचा आणि गप्पा मारता मारता बोटांनी त्यातून अस्वल, घोडा, रेडा काहीही करायचा. दाखवून झालं की पुन्हा गोळा. १९०३-०४ च्या हिवाळ्यात दोघं न्यूयॉर्कला गेली आणि त्याचं पहिलं ब्राँझ ओतलं गेलं, 'स्मोकिंग अप'. घोड्यावर बसून हवेत पिस्तूल उडवणारा झिंगलेला काउबॉय. ओतलं कुणी? आपल्या याच रोमन ब्राँझ वर्क्सने. त्यानंतर मोंटानाचा हा मेणाशी खेळणारा माणूस ब्रुकलिनच्या फाउंड्रीचा गिऱ्हाईक झाला. गिऱ्हाईक कागदावर तो, पण किती प्रती काढायच्या, कुठल्या दुकानात ठेवायच्या, केवढ्याला विकायच्या, हे पाहणारी नॅन्सी.

१९२६ च्या ऑक्टोबरात चार्ली गेला. मग नॅन्सी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला राहिली आणि तिनेही ईव्हासारखंच केलं. चार्लीने मेणात करून ठेवलेल्या आकृत्या होत्या, जुनी शिल्पं होती, त्यांच्या नव्या प्रती काढून घेतल्या, तिकडच्या फाउंड्रीतही. १९४० साली ती वारली. तिच्यावर आजही दोन तऱ्हेने लिहिलं जातं. एक म्हणजे ती नसती तर रसेल मोंटानाच्या गुत्त्यांतच राहिला असता. दुसरं म्हणजे तिने त्याच्या मागे लागून लागून त्याच्याकडून काम करून घेतलं, पैशाचा तगादा लावला. दोन्ही खरं असेल. पण पुरुष मॅनेजर असता तर दुसरं वाक्य कुणी लिहिलं असतं का, हा प्रश्न मला पडतोच.

आणि गंमत बघा. ग्रेट फॉल्स गावात 'मिंट' नावाचा गुत्ता होता. चार्लीची खूप चित्रं आणि वस्तू तिथे भिंतींवर होत्या. तो सगळा संग्रह १९५२ साली अमन कार्टरने विकत घेतला. हा कार्टर फोर्ट वर्थचा वर्तमानपत्रवाला, रेमिंग्टन आणि रसेलचा भक्त. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या मुलीने, रूथ कार्टर स्टीव्हन्सन यांनी, पुढाकार घेऊन १९६१ साली म्युझियम उभं केलं. म्हणजे नॅन्सीच्या हाती न लागलेली गुत्त्यातली चित्रंही शेवटी तिथेच आली, आणि ज्या फाउंड्रीशी तिचा व्यवहार होता तिच्या चोपड्याही.

ईव्हा आणि नॅन्सी या बायका म्हणून नोंदींत आल्या. स्वतःच्या कामासाठी फाउंड्रीत जाणाऱ्या बायकाही त्या काळात होत्या आणि त्यांची संख्या कमी नव्हती, हे वाचून मला फार बरं वाटलं. बेसी पॉटर व्होनो ही त्यांतली एक. १८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, विवेकानंदांची सर्वधर्मपरिषद झाली तेच. इमारतींवरचे पुतळे वेळेत पुरे होईनात, तेव्हा लोराडो टाफ्ट नावाच्या शिल्पकाराने मुख्य वास्तुरचनाकारांना भीत भीत विचारलं, माझ्या विद्यार्थिनींना कामाला घेऊ का? ते वैतागलेले होते. काम होत असेल तर पांढरे ससे घ्या, असं काहीसं ते म्हणाले. पोरींनी तेच नाव उचललं आणि त्या 'व्हाइट रॅबिट्स' झाल्या. बेसी त्यांतलीच.

पुढे तिने घोडे, सेनापती केले नाहीत. दीडेक वीत उंचीच्या बाया आणि पोरं केली. १८९६ सालचं 'द यंग मदर' पाहा. खुर्चीत बसलेली आई आणि मांडीवर तान्हं बाळ, बास. मोठ्या चौकातल्या पुतळ्याचं काम बाईला कोण देणार? त्याला समित्या, निधी, ओळखी लागतात. पण घरातल्या कपाटावर ठेवायचं छोटं ब्राँझ घेणारी गिऱ्हाइकं होती, आणि एका साच्यातून दहा, वीस, तीस प्रती निघू शकत होत्या. प्रत्येक प्रतीमागे थोडे पैसे. एकदाच बिदागी मिळण्यापेक्षा हे वेगळं. आमच्या बचत गटातल्या बायका लगेच समजतील. एकदा पुरणपोळीची मोठी ऑर्डर मिळण्यापेक्षा महिन्याला पन्नास पाकिटं पापड जाणं केव्हाही चांगलं.

रोमन ब्राँझची एक मोठी प्रतिस्पर्धी होती, ऱ्होड आयलंडमधली गोरहॅम कंपनी. मूळची चांदीच्या भांड्यांची. तिने ब्राँझ विभाग काढला, स्वतःच्या शोरूममधून छोटी शिल्पं विकली आणि शिल्पकाराला विक्रीमागे रॉयल्टी दिली. या विभागाचेही कागद जपलेले आहेत. हॅरिएट फ्रिशमथ ही तिथली हुकमी शिल्पकार. तिचं 'द व्हाइन' हे १९२१ सालचं शिल्प, द्राक्षवेलीसारखी मागे झुकलेली नर्तकी. त्या छोट्या आकारातल्या तीनशेहून अधिक प्रती गेल्या. १९२३ साली तिने ते माणसाहून मोठ्या आकारात केलं, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. बाई शंभरीला टेकली, १८८० ते १९८०. तीनशे प्रतींच्या पुतळ्याला काही समीक्षक 'दुकानातला माल' म्हणतील. म्हणोत. स्टुडिओचं भाडं त्यातून जातं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की कलेच्या पुस्तकात आपल्याला शैली, प्रेरणा, प्रतिभा वाचायला मिळते. किती प्रती खपल्या, पैसे कुणाच्या हातात पडले, कुणी बिल भरलं, हे हिशेबाच्या चोपडीतच सापडतं, आणि बायका तिथेच जास्त दिसतात. आपल्याकडे पुण्याचा करमरकरांचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी आपण अभिमानाने दाखवतो, अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरात त्यांची शिल्पं पाहायला सहली जातात. ती पाहावीतच. पण तांबट आळीतल्या, ओताऱ्यांच्या, मूर्तिकारांच्या घरांत माळ्यावर ज्या वह्या पडल्या असतील, त्यांना कोण विचारतं? घरातल्या कुणा सुनेला दिसल्या तर तिने रद्दीवाल्याला थोडं थांबवावं, एवढी माझी विनंती आहे.

रेमिंग्टनच्या बाबतीत थांबवल्याचा उपयोग काय झाला तो आता सांगते. साचे मोडले, पण पुढे कॉपीराइटची मुदत संपली आणि बाजारात त्याच्या घोड्यांचा सुळसुळाट झाला. साचा नाही म्हणून काय झालं, तयार ब्राँझवरूनच नवा साचा काढता येतो. अशा नकला शोभेच्या म्हणून विकल्या तर कुणाची तक्रार नाही. तक्रार येते ती त्या अस्सल म्हणून विकल्यावर. आजोबांनी घेतलेला घोडा घरात आहे, तो लाखोंचा की काही शेकड्यांचा, यावर एखाद्या कुटुंबाचं खूप काही अवलंबून असतं. म्हातारपणाची सोय, मुलांची शिक्षणं.

अशा वेळी तज्ज्ञ आधी पट्टी घेतात. धातू थंड होताना आकसतो, शेकडा दीड-दोन टक्के. ब्राँझवरून काढलेलं ब्राँझ म्हणून मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरतं. दोन फुटांच्या घोड्यात हा फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा, डोळ्यांना न कळणारा. लगामाची कड, दातांच्या रेघा, बोटांची पेरंही जरा बोथट येतात. माप जुळलं तर पुतळा उपडा करून तळाचा नंबर पाहतात. आणि मग फोर्ट वर्थच्या त्या नोंदी. नंबर, शिल्पाचं नाव, तारीख. तारीख १९०९ च्या आधीची असली तर मालकाचा चेहरा खुलतो. १९१०, १९१२, १९१५ अशी असली तर किंमत उतरते, पण पुतळा अस्सलच ठरतो. ती प्रत ईव्हाने काढायला सांगितलेली असते.